वस्तू कोणाची, बोलायचे कोणी?

(हिंगोली येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ही व्याख्यानमाला एका चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवत त्यांनी या भागातल्या दोन पिढ्यांना हातात पेन्सिल धरायला शिकवले. शाळेत गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला तास जातो तो चित्रकलेचा. अशा काळात एका चित्रकला शिक्षकाच्या नावाने लोक वर्षानुवर्षे एकत्र जमतात, ही या गावाची मोठी गोष्ट आहे. म्हणूनच आज कलेचा असा एक प्रश्न मांडतो जो थेट या जिल्ह्याचा आहे: हिंगोलीसारख्या जिल्ह्यात कलासंग्रहालय असावे का, आणि असावे तर ते कोणाच्या उपयोगी पडावे?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे पाच तालुके. २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात, आणि त्यातले बहुतेक लोक खेड्यांत, वाड्यांत, तांड्यांवर राहणारे. जिल्हा झाला तशी जिल्ह्याला शोभणारी कार्यालये आली. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाची संग्रहालये मराठवाड्यात तेरला आहेत, पैठणला आहेत, माहूरला आहेत, छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालात आहेत. त्यांत हिंगोलीचे नाव नाही. ते यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मागणी करण्याआधी आपल्याला काय हवे आहे ते नीट ठरवले पाहिजे. नाहीतर एक इमारत उभी राहील, काचेच्या पेट्या येतील, एक पहारेकरी नेमला जाईल आणि वर्षातून दोनदा शाळेच्या सहली येऊन जातील.

आपल्याकडे आहे काय, इथून सुरुवात करू.

औंढ्याचे नागनाथ मंदिर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. खरे म्हणजे आपण दर्शन घेतले आहे. मंदिर पाहिले आहे का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. खालचा भाग यादवकाळातला, काळ्या पाषाणाचा, शिल्पांनी गच्च भरलेला. वरचा भाग नंतरचा, विटांचा आणि चुन्याचा. त्याच्या बांधणीशी अहिल्याबाई होळकरांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. एकाच भिंतीवर नजर खालून वर नेली की कित्येक शतके ओलांडली जातात. मधल्या ठिकाणी काय घडले असेल, हे त्या दगडाचा आणि विटेचा सांधाच सांगतो. इतका उघडा इतिहास फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळतो. पण दर्शनाच्या रांगेतल्या माणसाचे तोंड गाभाऱ्याकडे असते. बाहेरच्या हत्तींपाशी, देवदेवतांपाशी, सुरसुंदरींपाशी थांबणारे थोडे, आणि थांबलेल्याला चार शब्द सांगणारा त्याहून दुर्मीळ.

याच औंढ्यात संत नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले, असे परंपरा सांगते. आणि नामदेवांचे नर्सी इथून फार दूर नाही. नर्सीला वारकरी येतो तसा शीखही येतो, कारण नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरले ते याच नात्याने. शिंप्याच्या घरातला एक माणूस मराठीत आणि हिंदवीत गातो, त्याचे शब्द सातशे वर्षे दोन टोकांच्या दोन भाषांत रोज म्हटले जातात. जगातल्या कोणत्याही संग्रहालयाला असा विषय मिळाला तर ते त्यावर एक सबंध दालन उभे करील.

आता जरा आडवाटेने जाऊ. शिरड शहापूरला मल्लिनाथाचे दिगंबर जैन मंदिर आहे. कळमनुरीच्या बाजूला आंध आदिवासींची गावे आहेत, त्यांची दंडार ही लोकनृत्याची परंपरा आहे. जिल्हाभर बंजारा तांडे आहेत. तिथल्या म्हाताऱ्या बायांच्या अंगावर अजून आरसे आणि कवड्या लावलेली काचळी आणि फेटिया दिसतो, कानांवरून घुगऱ्या लोंबतात. गावोगाव मोहरमच्या सवाऱ्या बसतात आणि त्यांच्यापुढे नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरे कमी नसतात. हिंगोली शहर निजामाच्या राज्यात लष्करी छावणीचे गाव होते, त्यामुळे इथल्या बोलीत, खाण्यात आणि घरांच्या नावांत दूरदूरची माणसे मिसळली आहेत. उर्दू, दखनी, गोरमाटी, आंधांची बोली, मारवाडी आणि आपली वऱ्हाडाकडे झुकणारी मराठवाडी मराठी, हे सगळे एका आठवडी बाजारात ऐकू येते.

एकत्र राहणे आपल्याला नवीन नाही. तरी मी एक निरीक्षण मांडतो. आपण एकमेकांच्या दुकानात जातो, लग्नाला जातो, मयतीला जातो. पण एकमेकांच्या कलेविषयी आपल्याला फार थोडे माहीत असते. बंजारा बाईच्या कशिद्यात कोणता टाका कशासाठी घालतात, हे शेजारच्या गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला ठाऊक नसते. सवारीच्या पंजावर काय कोरले आहे, ते त्याच्यापुढे नारळ फोडणाऱ्याने कधी वाचलेले नसते. जैन मंदिरातली मूर्ती बसलेली का आणि उभी असली तर हात तसे सरळ का, हे मंदिरासमोरच्या हॉटेलवाल्याने विचारलेले नसते. विचारायला संकोच वाटतो. त्या प्रश्नाला जागा नसते.

संग्रहालय ही त्या प्रश्नाची जागा आहे. माझे आजचे सगळे म्हणणे यात आले: जिल्ह्याच्या संग्रहालयाने इथल्या माणसाला त्याच्या शेजाऱ्याची ओळख करून द्यावी, आणि ती ओळख शेजाऱ्याच्याच तोंडून व्हावी. पुढे जे सांगणार आहे ते या एका वाक्याचा विस्तार आहे.

महाराष्ट्राने या प्रश्नाला पूर्वीही उत्तरे दिली आहेत. १९३८ या एकाच सालात दोन अगदी वेगळी उत्तरे मिळाली. पहिले सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानाचे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधले, चित्रांवर नैसर्गिक प्रकाश पडेल अशी बांधणी केली, आणि त्यात राजा रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांपासून युरोपातल्या शिल्पांच्या प्रतिकृतींपर्यंत सगळे आणून ठेवले. हेन्री मूर या विसाव्या शतकातल्या थोर इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मूल हे छोटे दगडी शिल्पही तिथे आहे. देवीला नवस फेडायला आलेला खटाव-माणचा शेतकरी डोंगर चढून आला की जगातली कला त्याच्यासमोर उभी राहावी, ही त्यामागची कल्पना. त्या काळात मुंबईबाहेर असा विचार करणारे विरळे. मोठ्या शहरात जे आहे ते दुष्काळी भागातल्या माणसालाही पाहण्याचा हक्क आहे, असे या राजाने दगडविटांत लिहून ठेवले, आणि मला त्याचा अतिशय आदर वाटतो.

दुसरे उत्तर वर्ध्याचे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात मांडला गेला तो चरखा, खादी आणि ग्रामोद्योग. गावातली कारागिरी हीच दाखवण्यासारखी, शिकण्यासारखी आणि सुधारण्यासारखी गोष्ट आहे, हा त्यामागचा विचार. औंधने जग गावात आणले. वर्ध्याने गावाच्या हाताला मान दिला.

हिंगोलीला दोन्ही हवेत. पण क्रम मी वर्ध्याचा लावीन. ज्याला स्वतःच्या आजीची वाकळ कधी मानाने मांडलेली दिसली नाही, त्याला हेन्री मूर दाखवला तर तो मान डोलावेल आणि बाहेर पडेल. एकदा वाकळीच्या रंगांची जुळवणी, तिच्यातल्या चौकोनांचा हिशेब कोणी उलगडून दाखवला, की तोच माणूस हेन्री मूरपुढेही आपणहून थांबेल.

मराठवाड्यातले तेरचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने किंवा व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तगर या दोन्ही गावांचा उल्लेख आहे. इथला माल गाड्यांवरून भडोच बंदराला जात असे. या तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गृहस्थांनी गावच्या पांढरीत, शेतात, पावसाने उघड्या पडलेल्या मातीत सापडणाऱ्या वस्तू गोळा केल्या: मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या. लोकांना ती खापरे वाटत होती. तिथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साधर्म्य थेट इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे. ज्वालामुखीच्या राखेत इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या घरात दख्खनच्या कारागिरीशी नाते सांगणारी मूर्ती निघते आणि तिच्या बहिणीसारखी दुसरी मूर्ती आपल्या मराठवाड्यातल्या मातीत असते! लामतुरे यांच्या संग्रहातून पुढे त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय उभे राहिले.

तेरला संत गोरा कुंभारही होते. गोरोबांनी थापटण्याने संतांची मडकी तपासली, नामदेवांचे मडके कच्चे निघाले, आणि मग नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. म्हणजे तेर आणि औंढा आधीच एका गोष्टीने बांधलेले आहेत. तेरच्या संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचे काम पाहता येते. त्या कुंभारापासून गोरोबांपर्यंत आणि गोरोबांपासून आज वसमतच्या बाजारात माठ विकणाऱ्या कुंभारापर्यंत एक सलग रेषा ओढता येते. ती रेषा कोणी अजून ओढून दाखवलेली नाही. हिंगोलीचे संग्रहालय ते करू शकते.

लामतुऱ्यांकडून शिकण्याची गोष्ट अशी की संग्रहालयाची सुरुवात इमारतीपासून होत नाही. एका माणसाला खापर उचलावेसे वाटले, तिथून ती होते. याचे आणखी ठळक उदाहरण कोकणात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळी गावी ठाकर समाजातले परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय केले. चित्रकथीच्या जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या तिथे आहेत, आणि त्या घरातलीच माणसे त्या हातात घेऊन नाचवतात, कथा लावतात. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाहायला येणारा माणूस तिथे बाहुली आणि बाहुली नाचवणारा हात दोन्ही एकाच वेळी पाहतो. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांना जे साधत नाही, ते त्या गोठ्यात साधले आहे.

आणि आता तर आपल्या शेजारीच नवे उदाहरण आहे. वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय उभे राहिले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नंगारा वाद्याच्या आकाराची ती वास्तू आहे. ज्या समाजाच्या पाठीवर शेकडो वर्षे या देशाचे मीठ आणि धान्य वाहिले गेले, त्याच्यासाठी स्वतंत्र संग्रहालय होणे ही न्यायाची गोष्ट झाली. हिंगोलीतल्या तांड्यांवरून लोक तिथे अभिमानाने जातात, जावेत. माझी इच्छा इतकीच की हिंगोलीतल्या बिगर-बंजारा मुलांनीही तिथे जावे, आणि हिंगोलीच्या संग्रहालयात बंजारा काचळीच्या बाजूला आंधांच्या दंडारीचा साज असावा, त्याच्या बाजूला वडाराचा पाटा-वरवंटा असावा, त्याच्या बाजूला उर्दू सुलेखन असावे. प्रत्येक समाजाचे वेगळे संग्रहालय झाले तर प्रत्येकजण आपापल्या संग्रहालयात जाईल. जिल्ह्याच्या संग्रहालयाचे काम त्यापुढचे आहे.

पाट्या-वरवंट्याचा उल्लेख मी सहज केलेला नाही. समजा, आपल्या संग्रहालयात दगडाचे एकच दालन करायचे ठरले. औंढ्याच्या शिल्पांची उत्तम छायाचित्रे आणि साचे घ्यावेत. शेजारी जिल्ह्यातल्या बारवांचे नकाशे मांडावेत. मग वीरगळ, मग उंबरठे, मग जाते, उखळ, पाटा-वरवंटा. आणि शेवटी टाकी मारणाऱ्या बाईची चित्रफीत, तिच्या नावासह. दख्खनचा हाच काळा बेसाल्ट यादवांच्या पाथरवटाने घडवला आणि हाच आज वडाराची बाई रस्त्याकडेला बसून टाकते. यादवकाळातल्या पाथरवटाचे नाव आपल्याला सापडत नाही. या बाईचे नाव विचारले तर ती सांगेल. तरी आपण ते विचारत नाही. मला वाटते, संग्रहालयाच्या पाटीवर "पाटा-वरवंटा, बेसाल्ट" एवढेच लिहिणे हा कारागिरावर अन्याय आहे. कोणी घडवला, कुठल्या खाणीचा दगड, किती दिवसांनी पुन्हा टाकावा लागतो, टाकताना दगडाचा आवाज कसा बदलतो, हे सगळे त्या पाटीवर आले पाहिजे, आणि ते तिच्याच शब्दांत आले पाहिजे.

इथे एक अवघड प्रश्न येतो, त्यावर जरा थांबतो. सगळ्या वस्तू संग्रहालयात आणायच्या का?

माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराजवळ, लिंबाखाली जे वीरगळ आणि भग्न मूर्ती उभ्या आहेत, त्यांना शेंदूर लागलेला असतो, बाया पाणी घालतात. अभ्यासकाला त्या शेंदराखालची तलवार आणि घोडा दिसत नाही म्हणून चुटपुट लागते, मलाही लागते. पण ती मूर्ती उचलून शहरात नेली की गावाचा आणि तिचा संबंध तुटतो आणि तिचा अर्थही अर्धा जातो. मोहरमचा पंजाही काचेच्या पेटीत ठेवण्याची वस्तू नाही. तो वर्षातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घरातून निघतो, तिथेच त्याची प्रतिष्ठा आहे. पेटीत त्याचे चित्र ठेवावे, तो निघतो त्या दिवसाची चित्रफीत ठेवावी, आणि ज्या घरात तो असतो त्या घरातल्या माणसाला संग्रहालयात बोलावून त्याच्याकडून ऐकावे.

अशा जागच्या जागी राहणाऱ्या वस्तूंची नोंद मात्र झालीच पाहिजे. छायाचित्र, माप, दगड, गाव, गट नंबर, गावकऱ्यांची त्याविषयीची कथा. कारण नोंद नसलेली मूर्ती एका रात्रीत नाहीशी होते आणि मग ती आपली होती, हे सिद्धही करता येत नाही. आपल्याकडे कायदे आहेत. १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले की ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे, नाणी यांना, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या मौल्यवान हस्तलिखितांना पुरावशेषाचा दर्जा आहे आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. पण विहीर खोदताना मूर्ती निघाली तर काय करायचे, हे किती शेतकऱ्यांना माहीत असते? माहीत असले तरी 'कळवले तर आपली जमीन जाईल' अशी धास्ती असते आणि वस्तू पुन्हा पुरली जाते किंवा नदीत सोडली जाते. ही भीती घालवायला कागदावरचा कायदा पुरत नाही. जिल्ह्यात एक ओळखीचे ठिकाण, एक ओळखीचा माणूस लागतो, ज्याला फोन करता येईल. संग्रहालयाची ही सेवा मला चित्रे टांगण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

दुसरी सेवा कागदांची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्यामुळे आपल्या माळ्यांवर, ट्रंकांत उर्दू, फारसी आणि मोडी कागद पडून आहेत: सनदा, खासरे, वतनाचे कागद, वहीखाते, जुन्या पोथ्या. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या प्रश्नात निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कचेऱ्यांतली जुनी दप्तरे उघडली. त्या वेळी मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांची किंमत एकदम सगळ्यांना कळली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी जात नाही. एवढेच सांगतो की आपल्या पणजोबांचा कागद आपल्या हातात असून वाचता न येणे, हा अनुभव इथल्या असंख्य कुटुंबांचा आहे. संग्रहालयात आठवड्यातून एक दिवस कागद वाचून देणारी खोली असावी. उर्दू शाळेतले एखादे निवृत्त मौलवीसाहेब आणि मोडी शिकलेला एखादा तरुण तिथे शेजारी बसतील. कागद आणणारा आपला कागद परत घेऊन जाईल, त्याची एक प्रत संग्रहालयात राहील. मराठा शेतकऱ्याच्या घरातला कागद मुसलमान शिक्षक वाचून दाखवतो आहे, ही गोष्ट त्या खोलीत रोजची होईल. आणि त्यातले वळणदार अक्षर, शिक्के, कागदाचा पोत यांवरून सुलेखनकलेचे एक लहानसे दालनही आपोआप तयार होईल.

जगभरात आज याच दिशेने विचार चालला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. संग्रहालय सर्वांना खुले आणि सर्वसमावेशक असावे, त्याने विविधता जोपासावी आणि लोकांच्या सहभागाने काम करावे, असे तिच्यात स्पष्ट आले आहे. ती व्याख्या व्हायला कित्येक वर्षे वाद झाले. आपण तो वाद न घालता तिथे पोचू शकतो, कारण आपल्याकडे अजून काही उभेच राहिलेले नाही. जुने पाडून नवे करण्याचा त्रास आपल्याला नाही.

मतभेदाचेही बोलले पाहिजे. नामदेवांच्या जन्मस्थळाविषयी अभ्यासकांत वेगवेगळी मते आहेत. काही जण पंढरपूर म्हणतात, काहींनी इतर गावे मांडली आहेत. नर्सीची श्रद्धा मोठी आहे आणि हिंगोलीकर म्हणून तिचा अभिमान असणे स्वाभाविक आहे. पण नामदेवांवरच्या दालनात हे मतभेद सन्मानाने लिहिलेले असावेत. औंढ्याच्या मंदिराच्या विध्वंसाविषयी, जीर्णोद्धाराविषयी ज्या कथा आहेत, त्यांतली कथा कोणती आणि पुरावा कोणता, हेही नीट वेगळे करून सांगावे. देऊळ नामदेवांसाठी फिरले, ही कथा सांगताना कोणी संकोच करू नये. ती कथा म्हणून सुंदर आहे आणि शतकानुशतके लोकांनी ती का सांगितली, हा स्वतंत्र इतिहास आहे. ज्या देवळात आपल्याला बसू देत नाहीत त्या देवळाने आपल्याकडे तोंड वळवावे, ही आस त्या कथेत आहे. ज्या समाजांना देवळाबाहेर उभे राहावे लागले, त्यांनी ती कथा जपली, यात मला नवल वाटत नाही. संग्रहालयाने ती याच नजरेने सांगावी.

आता लोक येणार कसे? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझे म्हणणे, लोक जिथे जातात तिथे संग्रहालयाने जावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली म्युझियम ऑन व्हील्स नावाची बस सुरू केली. ती खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत जाते, मुले आत चढून प्रतिकृती पाहतात, हाताळतात. १९२२ साली मुंबईच्या सर्वांत देखण्या इमारतींपैकी एका इमारतीत सुरू झालेल्या संग्रहालयाला इमारत सोडून बाहेर पडावेसे वाटले, यातून आपण शिकावे. आपल्याकडे बस नसेल, टेम्पो असेल. वसमतचा हळदीचा बाजार भरतो तेव्हा तिथे जावे. श्रावणात औंढ्याला जावे. आणि हिंगोलीच्या दसऱ्याला तर जावेच जावे. खाकीबाबा मठाशी नाते असलेला हा दसरा दीडशे वर्षांहून जुना आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरते, पाचही तालुक्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून माणसे येतात, त्यांत जात-धर्म कोणी विचारत नाही. आकाशपाळण्याशेजारी एक मांडव कलेचा असावा. तिथे काचळी शिवणारी बाई, टाकी मारणारी बाई, दंडारीचा ढोलकीवाला, सुलेखन करणारा कातिब हे स्वतः बसलेले असावेत आणि त्यांना त्या दिवसांची मजुरी मिळावी. मजुरीचा मुद्दा मी मुद्दाम उच्चारतो. कलाकाराला व्यासपीठावर शाल-नारळ देऊन रिकाम्या हाताने घरी पाठवण्याची आपली सवय जायला हवी.

औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लिगो ही वेधशाळा होऊ घातली आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. उद्या जगभरातले शास्त्रज्ञ इथे येतील. त्यांना दाखवायला काहीतरी हवे म्हणून संग्रहालय करू, असे मी ऐकतो. पाहुण्यांसाठी जरूर करू. पण कळमनुरीच्या आश्रमशाळेतली मुलगी ही त्या संग्रहालयाची पहिली पाहुणी असली पाहिजे. ती आत आली आणि तिला आपल्या आजोबांच्या दंडारीचा साज, त्याखाली आजोबांच्याच बोलीत लिहिलेली ओळ दिसली, तर ती दुसऱ्या दालनात जाऊन बाकीच्यांचेही वाचील.

इमारतीसाठी थांबू नये, असे माझे मत आहे. जिल्ह्यातली महाविद्यालये, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि या व्याख्यानमालेचे कार्यकर्ते मिळून येत्या वर्षात एक काम करू शकतात. प्रत्येक गावातल्या वीरगळांची, बारवांची, जुन्या मूर्तींची नोंद, आणि प्रत्येक गावातल्या किमान एका कारागिराचे नाव, त्याचे काम आणि त्याने स्वतः सांगितलेली माहिती. यासाठी लागतो तो एक मोबाइल, एक मोजपट्टी आणि घरी जाऊन बसण्याची तयारी. चित्रकला शिक्षकांनी यात पुढे यावे, ही माझी विशेष विनंती आहे. वस्तूकडे नीट पाहण्याची सवय त्यांना असते आणि मुलांनाही ते ती लावू शकतात. ही नोंदवही तयार झाली की ती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पुरातत्त्व संचालनालयाकडे जाता येईल. तेव्हा आपली मागणी रिकाम्या इमारतीची राहणार नाही.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी आज जाण्याआधी कार्यकर्त्यांकडे आपले नाव आणि गाव लिहून द्यावे.